आग्या आहे, चपला काढून या

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, तुम्ही श्रीवर्धनकडे इतकी वर्षं कृषी सहायक होतात, तर सुपारीवर लिहा. नाहीतर आंब्यावर. लोकांना आवडतं." मी हो म्हटलं, कागद पुढे ओढला आणि लक्षात आलं की सुपारीनं मला उभ्या नोकरीत कधी छळलं नाही. जिनं छळलं नाही तिच्यावर लिहिणार काय? मला छळलं ते एका वीतभर उंचीच्या झाडानं. अंगभर राठ केस, तीन दिवस दाढी न केलेल्या माणसाच्या गालासारखे. फुलं पांढरी, तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी, आणि खोटं कशाला बोलू, दिसायला गोड. पावसाळ्यात उगवतं, दिवाळीपर्यंत मरतं. पुस्तकात त्याला टारफुला म्हणतात. माझ्या भागातले शेतकरी त्याला आग्या म्हणायचे, कारण त्यानं धरलेलं पीक आगीनं होरपळल्यासारखं दिसतं. सगळा घोटाळा या नावानं केला.

आधी आमची नोकरी सांगते. कृषी सहायक म्हणजे ज्याला शेतकरी साहेब समजतो आणि साहेब शिपाई समजतात असा माणूस. बियाणं आलं की आम्ही वाटायचं, रोग पडला की आम्ही बघायचा, पीक गेलं की पंचनामा आम्ही करायचा आणि शिव्याही आम्हीच खायच्या. आमच्याकडे सोपवलेल्या गावांच्या गटाला सरकारी भाषेत 'सजा' म्हणतात. ज्यानं हे नाव ठेवलं त्यानं आधी ही नोकरी केली असावी असा माझा अंदाज आहे.

माझी शेवटची सजा हरिहरेश्वरच्या अलीकडे होती. खाली समुद्र आणि नारळी-पोफळीच्या वाड्या, वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळपठार, आणि मध्ये घाटीत स्कूटी ढकलणारी मी. वरच्या गावाचं नाव सांगणार नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल, आणि कळल्यावर कृपा करून शोधत येऊ नका.

या सजेवर येऊन मला जेमतेम महिना झाला होता. श्रावणातली सकाळ, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. कार्यालयात निरोप आला: "वरच्या गावात यसूकाकीच्या शेताला आग्या लागलाय. बाईंना लवकर पाठवा." आमचे साहेब घाटावरचे, नवीन. ते खुर्चीतून उठलेच. "आग्या मोहोळ! मॅडम, जपून जा. त्या माशा माणूस मारतात."

आता मी याआधी सगळी नोकरी खाली वाड्यांमध्ये काढलेली. टारफुला हा शब्द मला परीक्षेपुरता माहीत होता, पण आग्या म्हटल्यावर माझ्याही डोळ्यांपुढे माशाच आल्या. मी घरी गेले, नवऱ्याचा पांढरा प्लास्टिकचा रेनकोट चढवला, भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले, आणि हेल्मेटवरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा गुंडाळून गळ्याशी बांधला. वाटेत एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, "काय गो बाय, करोना परत आला काय?"

वर पोचले तर धुकं इतकं की बांध दिसेना. शेतात यसूकाकी उभी, डोक्यावर इरलं, आणि तिच्यासमोर नाना भगत. नानाच्या एका बगलेत कोंबडा, दुसऱ्या हातात लिंबं. कारण काकीच्या शेजारणीनं 'आग्या' ऐकून तिसराच अर्थ लावला होता, आग्या वेताळ, आणि परस्पर नानाला बोलावणं धाडलं होतं. नानानं नुकतीच हाक घातली होती: "आसशील तिथून समोर यं!" आणि नेमकी त्याच वेळी मी धुक्यातून बाहेर आले. पांढरी, बिनचेहऱ्याची, रबरी हातांची.

नाना मागे सरला तो बांधावरून खालच्या खाचरातच गेला. कोंबडा सुटला. तो पुढे दोन दिवस सापडला नाही म्हणतात. यसूकाकी मात्र जागची हलली नाही. मी मच्छरदाणी वर केली तेव्हा तिनं मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "मानूस हायस व्हय? मी म्हटलं, नानाला येकदा तरी खरा भेटला."

अशी आमची ओळख झाली. यसूकाकी पासष्टीची, विधवा, हाताला नांगराचं रुमणं धरून धरून घट्टे पडलेले. सड्याच्या कडेला तिचा उताराचा तुकडा, त्यात ती फक्त नाचणी लावायची. भात तिला पचत नसे आणि गव्हाला ती "आजाऱ्याचं खाणं" म्हणायची. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, जमलं तर सुकट, एवढ्यावर ती दगडासारखी टणक राहिली होती.

मी नाचणीकडे पाहिलं आणि मला कळेना. वरून धो धो पाऊस, पायाखाली चिखल, आणि पीक तहानेनं सुकलेलं. पानं पिवळी पडून गुंडाळलेली. मी एक रोप मातीसकट उपटून डबक्यात खळबळलं. नाचणीच्या मुळाला दुसऱ्याच कुणाचं तरी पांढरट मूळ डसलेलं होतं. त्या मुळाचा माग काढत गेले तर वर ते केसाळ झाड, दोन इवली फुलं डोक्यावर घेऊन साळसूदपणे उभं. मग कुठे मला परीक्षेतला टारफुला आठवला.

नाना चिखल पुसत वर आला आणि त्यानं विचारलं, "मंग वेताळ न्हाय?"

"नाही नाना. तण आहे."

"आनि माशा?"

"त्याही नाहीत."

"मंग तू ह्ये काय घातलंयस?"

पुढच्या आठवड्यात मी गावातल्या बायकांची बैठक घेतली. पावसात सगळ्या मावतील अशी ओटी एकच, इस्माईलभाईंची. इस्माईलभाई मूळचे रेवदंड्याचे. तारुण्य कुवेतमध्ये गेलं. लग्न या गावातल्या मुलीशी झालं, सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून परत आल्यावर हे इथेच राहिले आणि सासऱ्यांच्या घरात पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या. दर्शनाला हरिहरेश्वरला येणारे लोक मुक्कामाला वर यायला लागले. माणूस अतिशय गोड, आणि स्वतःच्या स्वयंपाकघरावर फिदा.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी उभी राहून समजावायला लागले, "बायांनो, याची पानं हिरवी आहेत, म्हणजे हा स्वतः थोडंफार कमावतो. पण पाणी आणि बाकीची खाणावळ सगळी नाचणीच्या मुळातून. पुरता ऐतखाऊ नाही, अर्धा. म्हणजे कसं समजा, घरजावई आहे, पण नोकरीवाला."

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्याच फुटल्या. मी वळून पाहिलं तर मागे इस्माईलभाई चहाचा ट्रे घेऊन उभे. ते अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, चहा आमच्या कमाईचा हाय. दूध तेवडा सासऱ्याच्या म्हशीचा." त्या दिवसापासून गावात आग्याला 'जावई' हे आणखी एक नाव पडलं, आणि इस्माईलभाईंनी ते माझ्या खात्यावर मांडून ठेवलं.

शिकवायला मला ही उपमा फार उपयोगी पडली, कारण आग्याची खरी लबाडी सांगायची होती. त्याचं बी तपकिरीपेक्षा बारीक. एका झाडाला इतकं येतं की मोजायला बसणाऱ्याचं डोकं फिरेल. ते मातीत पडून राहतं. पाऊस येवो, ऊन येवो, ढिम्म हलत नाही. वर्षानुवर्षं झोपतं. पण त्याच्या आवडीचं मूळ, नाचणीचं, वरीचं, ज्वारीचं किंवा एखाद्या गवताचं, जवळ आलं की त्या मुळाच्या वासानं जागं होतं, जाऊन चिकटतं, आणि जमिनीखालीच ओढायला लागतं. वर डोकं काढतं तेव्हा त्याचं अर्धं जेवण उरकलेलं असतं. तुम्ही तेव्हा उपटलंत तरी त्या सालचं पीक गेलेलंच. पुढच्या सालासाठी बी पडू दिलं नाही एवढंच पुण्य.

आणि तरीही, सड्यावर त्याला पाहिलं की मला राग धरता येत नसे. भाद्रपदात तुम्ही वर आलात तर जांभ्याच्या काळ्या कातळावर बोटभर माती, त्या मातीत गुडघ्याएवढं गवत, खळग्यांत साचलेलं पाणी, पाण्याच्या कडेनं सीतेच्या आसवांचा निळा पट्टा, तेरडा, सोनकी, आणि गवतात डोकावणारी ही पांढरी फुलं. तिथे तो गवताच्या मुळांवर जगतो आणि गवताला त्याची फारशी फिकीर नसते. माती हलकी, अन्न कमी, सगळे एकमेकांना थोडं थोडं ओरबाडून राहतात. तिथला तो मूळ रहिवासी. नाचणी आपण त्याच्या दाराशी नेऊन लावली. इस्माईलभाईंना तर त्या फुलाचं वेडच होतं. "खुदाची कारागिरी बगा, येवड्याशा फुलाला पन नळी, ओठ, सगळा दिलाय," असं पाहुण्यांना दाखवायचे. त्यांनी ते फूल दारात कुंड्यांत लावायचा तीनदा प्रयत्न केला. कुंडीत खायला कुणी नसल्यामुळे ते तीनदा मेलं. "बघा," मी म्हटलं, "सासुरवाडी लागतेच."

काकीच्या शेतात मात्र हा विनोदाचा विषय नव्हता. तिचा मुलगा दिलीप न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला. मुलगा वाईट नाही, आईची काळजी करणारा. तो मोटारसायकलवरून यायचा आणि दर वेळी तेच बोलायचा: "आई, गेल्या सालीही पिकलं न्हाय, यंदाही न्हाय. पनवेलचा येक शेठ बंगल्याला जागा शोधतोय. समुद्र दिसतो म्हनून त्याला हीच पायजे. देऊन टाकू आनि तू चल माझ्याकडं."

काकी त्याच्या उरणच्या खोलीवर एकदा राहून आली होती. मला म्हणाली, "तिसऱ्या मजल्यावर. बाय, तिथं जमीनच न्हाय. सगळी येकमेकांच्या डोक्यावर राहतात. मी पाय टाकायची तर खाली कोनाच्या तरी कपाळावर." पण पोराला तोंडावर नाही म्हणणं तिला जमत नव्हतं. एकुलता एक, आणि तो बोलत होता ते तिच्याच भल्याचं. शेत गेलं तर काकी उरणच्या त्या खोलीत वर्षभरात संपेल, हे मला दिसत होतं. दिलीपला दिसत नव्हतं.

शेवटी मी मध्ये पडले. दिलीपला म्हटलं, "दोन साल थांब. तिसऱ्या साली इथे नाचणी उभी केली नाही तर तू म्हणशील तसं." सरकारी नोकरानं असा शब्द कधी देऊ नये. पण काकी माझ्याकडे बघत होती, आणि दिलीप कबूल झाला.

उपाय तसा साधा आहे, फक्त चिकाटीचा. पहिल्या साली दिसेल तो आग्या फुलायच्या आधी उपटायचा. शेणखत भरपूर द्यायचं, कारण याला कसदार जमीन मानवत नाही. आणि दुसऱ्या साली नाचणी लावायचीच नाही. लावायची चवळी आणि तूर. त्यांच्या मुळांच्या वासानं आग्याचं बी फसतं, जागं होतं, चिकटायला जातं आणि तिथे त्याला काही मिळत नाही. उपाशी मरतं.

काकीनं हे दोनदा सांगायला लावलं. "म्हंजे जेवायला बोलवायचा, आनि पान वाढायचं न्हाय?"

"बरोबर."

"मंग ह्ये मला येतं. माझ्या नंदेला मी जलमभर ह्येच केलं."

दुसऱ्या सालची चवळी अशी माजली की गावाला शेंगा पुरल्या. काकी रोज बांधावर बसून जमिनीखाली मरणाऱ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेतानं टोमणे मारायची. सगळं बरं चाललं होतं. आणि मग मला इस्माईलभाईंच्या पाहुण्यांचे बूट दिसले.

पाहुणे सकाळी सड्यावर फुलं बघायला जायचे, गवतात लोळून फोटो काढायचे, आणि परत येताना जवळची वाट म्हणून काकीच्या शेतातून खाली उतरायचे. बुटांना सड्याचा चिखल, चिखलात आग्याचं बी. आम्ही जेवायला बोलावून उपाशी मारत होतो, आणि हे नवी पंगत आणून बसवत होते. वाट बंद करता येईना, कारण ती जुनी वहिवाट. तेव्हा मी बांधाच्या तोंडाशी एक उभा दगड पुरून घेतला, त्याला चुना फासला, शाळेत उरलेला गेरू आणला आणि स्वतःच्या हातानं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'आग्या आहे. चपला काढून, पाय धुऊन पुढे या.' शेजारी पाण्यानं भरलेली बादली आणि तांब्या. टारफुला लिहिलं असतं तर गावातल्या कुणाला कळलं नसतं, म्हणून मुद्दाम गावचा शब्द घातला. मला माझ्या हुशारीचा त्या दिवशी फार अभिमान वाटला.

आता तुम्हीच बघा. हरिहरेश्वरचं दर्शन घेऊन आलेला माणूस. समोर डोंगरावर उभा पांढरा दगड, त्यावर लाल अक्षरं, चपला काढा, पाय धुवा. तो काय समजेल?

पहिल्यांदा साताऱ्याकडच्या एका मावशींनी हात जोडले. त्यांनी काकीला विचारलं, "जागृत आहे का हो?" काकीनं खरं तेच सांगितलं, "छ्या, सध्या उपाशी हाय." मावशींनी पिशवीतला नारळ काढून ठेवला. पुढच्या आठवड्यात हळदकुंकू आलं, मग झेंडूची माळ. कुणीतरी मोबाईलच्या नकाशावर ती जागा 'श्री आग्या देव' अशी नोंदवली, आणि खाली अभिप्राय आले: 'मनाला शांती लाभते. पार्किंगची सोय नाही.'

मला हे कळलं तेव्हा माझा संताप झाला. आमच्या घरात माझ्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि देवाच्या कोनाड्यात पुस्तकं मांडली. तो कोनाडा मी लहानपणापासून पुसत आले. वडील शाळामास्तर, त्यांनी गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणं दिली. आणि त्यांच्या मुलीच्या हस्ताक्षरात देव उभा राहिला होता! घरी नवरा जेवताना एकच शब्द बोलला, "संस्थापक." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मी वर गेले, नारळ उचलून शाळेत वाटले, आणि मजकूर बदलायचा ठरवला. मला त्या दिवशी दुसऱ्या गावी पंचनाम्याला जायचं होतं, म्हणून इस्माईलभाईंना सांगितलं: "लिहा, येथे देव नाही. तण आहे. चपला काढा." त्यांनी झकास अक्षरात लिहिलं. पण आमच्याकडे ण आणि न यांत बोलताना कुणी भेद करत नाही, आणि इस्माईलभाई लिहितानाही करत नाहीत. चार दिवसांनी गेले तर दगडावर होतं: 'येथे देव नाही. तन आहे. चपला काढा.' आणि त्यासमोर पुण्याचे एक निवृत्त गृहस्थ डोळे मिटून बसले होते. मला म्हणाले, "ताई, केवढं मोठं तत्त्वज्ञान! देव बाहेर नाही, या तनातच आहे. हे लिहिणारा अधिकारी पुरुष कोण?" इस्माईलभाई लाजून आत गेले.

यानंतर मी हात टेकले. नाना भगत मात्र खूश होता, रोज सकाळी दगडापाशी येऊन बसायचा. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "नाना, हे तण आहे, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय की. पन बाय, तू सांगतेस तवा कोन पाय धुतो? मी सांगतो तवा टाच घासून धुतात." ते खरं होतं. नाना तिथे बसून अंगठ्याच्या बेचक्यातून चिखल काढायला लावायचा, बूट उलटे करून झटकायला लावायचा. आमच्या खात्याच्या पत्रकांनी इतक्या वर्षांत जे साधलं नाही ते त्यानं एका मोसमात केलं. माझी मान खाली गेली, पण शेतात नवं बी आलं नाही.

तिसऱ्या साली काकीनं नाचणी लावली. माझं निवृत्तीचं वर्ष. मी इतर गावांना कमी आणि त्या तुकड्याला जास्त गेले असेन. श्रावण गेला, पानं हिरवीगार. इथे तिथे चुकार आग्या निघाला, तो काकीनं फुलायच्या आत उपटून चुलीत घातला. नवरात्रात कणसं भरायला लागली, बोटं मुडपलेल्या मुठीसारखी. आणि त्याच आठवड्यात दिलीप शेठला घेऊन आला.

तसा तो ओशाळला होता. मला म्हणाला, "मॅडम, पीक आलं, मी बघतोय. पन शेठ आईकत न्हाईत. खालपासून रस्ता करून देतो म्हंतात. आईचं वय बगा, कवापर्यंत उपटत बसनार?" काकी बांधावर विळा घेऊन उभी, नजर खाली. पोरगा पुढे झाला तर ती अंगठा उठवणार, हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

शेठ सभ्य माणूस. पांढरे बूट. समुद्र बघून खूश झाले. "इथे गॅलरी, इथे झोपाळा," असं हातानं दाखवत आले आणि बांधाच्या तोंडाशी थबकले. पांढरा दगड, माळा, नारळांचा ढीग. "हे काय?"

"काय न्हाय शेठ, मॅडमनी तनासाठी..." दिलीप म्हणाला.

शेठ माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही खोटं सांगणार नाही. इथे नक्की काय आहे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. 'काही नाही, साधं तण आहे' एवढं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते बोलले असते तर काकीचं शेत त्याच क्षणी गेलं असतं. आणि 'देव आहे' हे माझ्या जिभेवर मेले तरी आलं नसतं. मग मी जे येतं तेच सांगायला लागले.

"आग्या आहे."

"म्हणजे?"

"या मातीत आहे. डोळ्यांना दिसत नाही. वर्षानुवर्षं झोपून राहतो."

शेठनी पायाखाली पाहिलं. "आणि जागा होतो?"

"हवं ते जवळ आलं की होतो. मग मुळाला धरतो. वरून काही कळत नाही. सगळं ठीक चाललेलं असतं, पाणी असतं, खत असतं, पाऊस असतो, आणि आतून वाळवत नेतो. वर दिसायला लागतो तोवर उशीर झालेला असतो."

"बापरे. काही उपाय?"

"पुरता जात नाही. इथली माणसं त्याला सांभाळून आहेत. रोज लक्ष ठेवावं लागतं. पण पायासाठी माती उकरलीत, तर ती माती जिथे जाईल तिथे तो जाणार."

"जिथे जाईल तिथे?"

"गाडीच्या चाकाला लागला तर पनवेलपर्यंत."

शेठनी बूट काढले, दगडाला दुरूनच नमस्कार केला, मग खाली गाडीपाशी जाऊन इस्माईलभाईंकडून बादली मागून घेतली आणि ड्रायव्हरकडून गाडीची चारही चाकं धुऊन घेतली. इस्माईलभाईंनी पाणी कमी पडू दिलं नाही. दिलीपला शेठ एवढंच म्हणाले, "फोन करतो." तो फोन अजून यायचा आहे.

गाडी घाटीत दिसेनाशी झाल्यावर दिलीप माझ्यासमोर उभा राहिला. "मॅडम, तुमी असं कसं बोललात?"

"एक तरी शब्द खोटा बोलले का? सांग."

त्यानं एक कणीस खुडलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि दाणे तोंडात टाकले. "आई," चावत चावत म्हणाला, "यंदा पीठ पाठव मला. उरनला चांगली नाचनी मिळत न्हाय." आणि मोटारसायकलकडे गेला. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बांधावर बसले.

काकी तेवढी जागची हलली नव्हती. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाय, ह्यो नुसता नाचनीलाच धरतो ना?"

"काकी! दोन वर्षं तुम्ही त्याला स्वतःच्या हातानं उपटताय. चुलीत घालताय!"

"उपटलाय खरा," ती म्हणाली. "पन तू आज सांगितलास तसा आदी कंदीच सांगितला न्हवतास."

आणि तिनं विळा खाली ठेवला, चपला काढल्या, तांब्यानं पाय धुतले, आणि मी पुरलेल्या, मी चुना फासलेल्या त्या दगडापुढे वाकून डोकं टेकलं. सगळं पहिल्यापासून समजावून सांगायला मी तोंड उघडलं. मग तिच्या पावलांकडे लक्ष गेलं. टाच घासून, बेचक्यांतला चिखल काढून, अगदी नीट धुतली होती. मी तोंड मिटलं आणि पर्समध्ये स्कूटीची चावी शोधायला लागले.